तारकर्लीचा मुक्काम

पंचवटीतील धर्मशाळांच्या सान्निध्यात वाढल्यामुळे, एस.टी.च्या बाकावर रात्र काढून पहाटे अनोळखी गावी उतरणे हाच प्रवासाचा दस्तूर मानलेल्या मला, गगनबावड्यावरून मालवणास आल्यावर, तारकर्लीच्या सुरूबनातील पर्यटन निवासात मऊ शय्या आणि दाराशीच समुद्र लाभला, तेव्हा मन प्रथम संकोचले. परंतु विश्रांती हे केवळ धनिकांचे वतन आहे काय? आज सिंधुदुर्ग सावकाश पाहिला: १६६४ साली शिवरायांनी आरंभिलेल्या त्या जलदुर्गाभोवती अथांग क्षारजल, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी! उद्या देवबागेस कर्ली नदीचा सागरसंगम पाहण्याचा मानस आहे. कारण आमची गोदावरी पश्चिम समुद्राच्या इतक्या निकट, त्र्यंबकेश्वरी उगम पावूनही, पूर्वसागराकडेच निघून जाते.