कुलमुखत्यार

'ही बाब माझ्या अखत्यारीत येत नाही' असं कचेरीतला कारकून सांगतो, तेव्हा तो अस्सल मराठी बोलत असतो. शब्द मात्र अरबीतला, फारसी आणि उर्दूच्या वाटेने आपल्याकडे आलेला. इख्तियार. म्हणजे निवड, आणि त्यावरून अधिकार. याच घराण्यातला दुसरा शब्द मुखत्यार. त्याला 'कुल' म्हणजे 'सगळं' जोडलं की होतो कुलमुखत्यार.

वर्गात शब्दांची घराणी शिकवताना मी हे तिन्ही शब्द फळ्यावर लिहितो. चाकण, खेडकडच्या मुलांना तिसऱ्याचा अर्थ सांगावा लागत नाही. एमआयडीसी आली, जमिनींना भाव आला आणि कुलमुखत्यारपत्र हा शब्द घराघरात पोहोचला. एका कामापुरता अधिकार दिला तर ते खास मुखत्यारपत्र. सगळेच अधिकार दिले तर कुलमुखत्यारपत्र. या दोन कागदांतला फरक अनेक कुटुंबांना सही केल्यावर कळला. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं की नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर जमिनीची मालकी बदलत नाही. म्हणजे कारभार पाहणारा वेगळा आणि मालक वेगळा.

हे सगळं सांगायचं कारण जमीन नाही, कॉम्प्युटर आहे. चाकणच्या कारखान्यांतही अनेक वर्षं कुलमुखत्यार नेमले जात होते. त्यांना 'अ‍ॅडमिन' म्हणत.

आज लहानसा सुटे भाग बनवणारा कारखानाही आपला हिशेब, मालाची नोंद, चलनं स्वतःच्या कॉम्प्युटरवर ठेवेलच असं नाही. तो क्लाउडवर जागा भाड्याने घेतो. क्लाउड म्हणजे आकाशातलं काही नाही, दुसऱ्याच्या इमारतीतले कॉम्प्युटर. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर या सेवेचं 'सेंट्रल इंडिया' नावाचं केंद्र २०१५ पासून आपल्या पुण्यातच आहे.

या अझ्युरमध्ये सुरुवातीला अधिकारांची जुनी पद्धत होती. एक अकाउंट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, एक सर्व्हिस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आणि त्याच्या जोडीला को-अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. एका सब्स्क्रिप्शनला असे २०० पर्यंत को-अ‍ॅडमिन नेमता येत. त्यातल्या प्रत्येकाला जवळजवळ सगळं करता येई. नवा सर्व्हर उभा करणं, चालू सर्व्हर पुसून टाकणं, सगळं. एखाद्याला फक्त बिल बघायचं असलं तरी त्याला अख्ख्या वाड्याच्या किल्ल्या द्याव्या लागत. ही पद्धत मायक्रोसॉफ्टने ३१ ऑगस्ट २०२४ रोजी निवृत्त केली. आता अधिकार द्यायचे ते भूमिकेनुसार.

हा विषय माझ्यापर्यंत पोहोचला तो एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. उर्दू माध्यमातून दहावी झालेला, पुढे आयटीआय आणि मग कॉम्प्युटरचे कोर्स केलेला हा मुलगा चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटदारामार्फत काम करायचा. तिथे को-अ‍ॅडमिनचं एकच लॉगिन चौघे वापरत होते. शेठचा मुलगा, अकाउंटवाले, बाहेरचा सल्लागार आणि हा. पासवर्ड सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. एका रविवारी मालाच्या नोंदीचा सर्व्हर पुसला गेला. सोमवारी गाड्या गेटवर उभ्या, आणि कोणता माल कुठे जायचा याचा पत्ता नाही.

"सर, लॉग निघाला," तो मला सांगत होता. "कधी पुसलं ते मिनिटासकट दिसत होतं. कुणी पुसलं तिथे तोच एक ईमेल. चौघांचा."

मग शंका कुणावर आली? जो पगारपत्रकावर नव्हता, ज्याच्या बाजूने बोलायला मीटिंगमध्ये कुणी नव्हतं, त्याच्यावर. काही सिद्ध झालं नाही, पण पुढच्या महिन्यात कंत्राट वाढलं नाही. त्याने ते पुसलं नव्हतं असं माझं मन सांगतं. पण मन म्हणजे पुरावा नव्हे. त्याची अडचण नेमकी हीच होती. सगळे अधिकार होते, म्हणून निर्दोष असल्याचा पुरावाच उरला नाही.

नव्या पद्धतीत तीन प्रश्न विचारले जातात. कोण? काय करू शकतो? कुठे? 'कोण' म्हणजे माणूस किंवा गट. 'काय' म्हणजे भूमिका. 'कुठे' म्हणजे हद्द. ती पूर्ण सब्स्क्रिप्शनची असू शकते, त्यातल्या एका गटाची किंवा एकाच सर्व्हरची. वर दिलेला अधिकार खालीही लागू होतो, म्हणून हद्द जितकी लहान ठेवता येईल तितकी ठेवायची.

काही मुख्य भूमिका अशा. ओनर सगळं करू शकतो आणि इतरांना अधिकारही देऊ शकतो. कॉन्ट्रिब्युटर काम सगळं करतो, पण दुसऱ्याला अधिकार देऊ शकत नाही. रीडर फक्त पाहतो. यूजर अ‍ॅक्सेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कुणाला कोणता अधिकार एवढंच सांभाळतो. शिवाय बारीक कामांच्या बऱ्याच भूमिका आहेत. अकाउंटवाल्यांना बिलिंग रीडर पुरे. रात्रपाळीच्या मुलाला बॅकअप ऑपरेटर करा. तो बॅकअप घेईल, पण पुसू शकणार नाही. कुणी त्याच्यावर बोट ठेवलं तर त्याला सांगता येईल, 'माझ्या अखत्यारीत पुसणं नव्हतंच.'

कल्पना नवी नाही. डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कुन या दोन अमेरिकन संशोधकांनी ती १९९२ मध्ये मांडली. अधिकार माणसाला चिकटवू नका, कामाला चिकटवा. माणूस ते काम करतो तोवर अधिकार, काम सुटलं की अधिकारही सुटला.

ऐकायला सोपं, पण अंमलात आणताना दोन ठिकाणी घोडं अडतं. पहिलं म्हणजे आळस. जुन्या यादीत दहा को-अ‍ॅडमिन होते, दहाही जणांना ओनर करून टाकलं की काम संपलं! पाटी बदलली, कारभार तोच. मायक्रोसॉफ्टचाच सल्ला आहे की एका सब्स्क्रिप्शनला तीनपेक्षा जास्त ओनर नकोत. आणि एकच लॉगिन चौघांनी वापरायचं असेल, तर कोणतीही भूमिका कुणाला वाचवू शकत नाही. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं, ही पहिली अट.

दुसरं म्हणजे मान. 'कंपनीचा मालक मी, मग मी ओनर का नाही?' असं शेठ विचारतात. त्यांनी वर्षभरात एकदाही लॉगिन केलेलं नसतं. वीस वर्षांच्या जुन्या माणसाला वाटतं, माझ्यावरचा विश्वास उडाला. आपल्याकडे किल्ल्यांचा जुडगा कमरेला असणं हीच प्रतिष्ठा. पण बँकेत लॉकर उघडायला दोन किल्ल्या लागतात, तेव्हा मॅनेजरचा अपमान झाला असं कुणी म्हणत नाही.

ही गोष्ट आपल्या दारातही आली आहे. वक्फच्या मालमत्तांची नोंद करण्यासाठी ६ जून २०२५ रोजी केंद्र सरकारने 'उम्मीद' पोर्टल सुरू केलं. त्या कायद्याबद्दलचे वाद मोठे आहेत आणि त्यांची जागा वेगळी. इथे फक्त कामाची रचना पाहू. पोर्टलवर तीन भूमिका होत्या. मेकर, चेकर आणि अप्रूव्हर. मुतवल्लीने माहिती भरायची, दुसऱ्याने तपासायची, तिसऱ्याने मंजूर करायची. ६ डिसेंबर २०२५ ला मुदत संपली तेव्हा ५ लाख १७ हजारांवर मालमत्तांची नोंद सुरू झाली होती. त्यातल्या सुमारे २ लाख १७ हजार मंजूर झाल्या आणि जवळपास २ लाख १४ हजार मेकरने भरूनही मंजुरीसाठी थांबल्या होत्या. भूमिका वाटून दिल्या की पुढच्या खुर्चीवरचा माणूसही वेळेत हजर लागतो, हेही या आकड्यांत दिसतं.

पण ज्येष्ठ मुतवल्लींनी मोबाईल आणि ओटीपी मोहल्ल्यातल्या लॅपटॉपवाल्या पोराच्या हाती सोपवला असेल, तर मेकर कोण? कागदावर चाचा, प्रत्यक्षात पोरगा. उद्या क्षेत्रफळ किंवा हद्द चुकीची निघाली, तर जबाब कोण देणार? मुतवल्ली हा मालक नसतो, अमानतदार असतो, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. अमानतीत कुणाच्या हाती काय दिलं हे लिहून ठेवणं आलंच.

शाळेची समिती असो, मशिदीचा ट्रस्ट, सोसायटी किंवा दहा मशीनचा कारखाना, एक यादी जरूर करा. कुणाकडे कोणतं लॉगिन आहे? त्याला खरोखर काय काम करायचं आहे? गेल्या वर्षी सोडून गेलेल्यांची नावं अजून आहेत का? एकच पासवर्ड किती जणांकडे आहे? मग जास्तीचे अधिकार काढा, आणि काढताना तोंडावर सांगा की हा अविश्वास नाही.

हे सांगणं महत्त्वाचं आहे, कारण सगळ्यांच्या हाती सगळं असतं तेव्हा मोठा माणूस सहसा अडकत नाही. कंत्राटावरचा पोरगा अडकतो, हंगामी शिक्षिका अडकते, ट्रस्टचा अर्धवेळ कारकून अडकतो. अधिकाराला कुंपण घातलं की पहिलं संरक्षण त्यांना मिळतं.