घरचे डॉक्टर

निजामाचा अंमल १९४८च्या सप्टेंबरात संपला, परंतु त्यानंतरही काही वर्षे जिंतूर तालुक्यातील आमच्या गावी जुन्या दप्तरांत उर्दू अक्षर आणि बाजारात हाली सिक्का नांदत होता. आणि त्याच संधिकालात हैदराबादेस वैद्यकाचे शिक्षण घेतलेले एक डॉक्टर आमच्या आळीच्या तोंडाशी दवाखाना मांडून बसले. पाळण्यातल्या तान्ह्यापासून दृष्टी अधू झालेल्या आजोबांपर्यंत घरातील प्रत्येकाची नाडी त्यांच्या बोटांखालून गेली. त्यामुळे मला खोकला झाला की ते आधी आजीच्या दम्याची चौकशी करीत, आणि आईच्या डोकेदुखीचे मूळ त्यांना कित्येकदा त्या सालच्या कापसाच्या भावात सापडे.

त्यांचे खरे सामर्थ्य मला उमगले ते काकांच्या नारूने. त्या काळी आमच्याकडे पिण्याचे पाणी बारवेचे. चारठाण्याच्या, वालूरच्या बारवा पाहताना त्या घडविणाऱ्यांविषयी आजही आदर दाटून येतो. तरी पायऱ्या उतरून पाण्यात पाऊल टाकण्याची ती सोयच नारूची वाट ठरली, हे विसरवत नाही. पायाला फोड येई, आग शमविण्यासाठी माणूस पाय पाण्यात धरी, आणि त्याच क्षणी कृमीची असंख्य पिले पाण्यात उतरत. ती गिळणारे सूक्ष्म जलकीटक ज्याच्या पोटात जात, त्याच्या कपाळी सुमारे वर्षभराने तोच भोग येई. यावर औषध नव्हते, लसही नव्हती. डॉक्टर रोज सकाळी ओसरीवर येत, काकांचा पाय मांडीवर घेत आणि फोडातून बाहेर येणारा कृमीचा पांढरा दोरा काडीपेटीच्या काडीभोवती बोटभर, क्वचित त्याहूनही कमी, गुंडाळीत. ओढ जराशी अधिक झाली आणि तो तुटला तर पाय सुजून असह्य वेदना होत, म्हणून बोलता बोलता त्यांचा हात मध्येच थांबे. ‘‘पुरे आजच्यापुरतं,’’ असे काकांना सांगून ते आजीकडे वळत, ‘‘माय, दुहेरी फडक्यानं गाळल्याबिगर लेकरायला पाणी देऊ नका.’’ आजीने ते ऐकले, कारण माझ्या आत्याच्या विषमज्वरात रात्री उशाशी बसून काढणारा माणूस तिला ते सांगत होता.

१९९६ साली देशातील अखेरचा नारूरुग्ण नोंदला गेला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्तीचा दाखला दिला. त्या यशात हातपंपांचा आणि आरोग्य खात्याच्या गावोगाव हिंडणाऱ्या कर्मचाऱ्यांचा वाटा फार मोठा. आमच्या माठाच्या तोंडाला फडके बांधले गेले ते मात्र डॉक्टरांच्या शब्दाखातर.

आज माझ्या गुडघ्याला एक, हृदयाला दुसरा आणि साखरेला तिसरा तज्ज्ञ आहे. तिघेही निष्णात, आणि त्यांच्याच कृपेने मी हिंडतो-फिरतो. तथापि माझ्या गोळ्या, सुनेची अशक्तता आणि नातवाचा वरचेवर येणारा ताप हे सारे एकत्र पाहणारे कोणी उरलेले नाही. परभणीत २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, याचा मला अतोनात आनंद आहे. तेथील मुलामुलींना पदवीपूर्वी काही महिने सोनपेठ, पालम, सेलू अशा ठिकाणच्या जुन्या डॉक्टरांच्या हाताखाली काढावयास लावावेत, आणि त्या महिन्यांना शस्त्रक्रियेच्या अभ्यासाइतकेच गुण असावेत, असे मला कळकळीने वाटते.