गढूळ धार

आषाढात जव्हार-मोखाड्याच्या डोंगरउतारांवर पावसाची झड लागली, म्हणजे भाताच्या खाचरांना तळ्यांचे रूप येते. खाचरे एकाखाली एक, पायऱ्यांसारखी उतरलेली. त्यांतील पाणी अडवून धरतो तो मातीचा लहानसा बांध. आवणी चालू असता घरातील एखादे वडीलधारे माणूस डोक्यावर इरले घेऊन बांधाबांधाने फिरत असते. बरोबर नातू असला, तर त्याचे सारे लक्ष खेकड्यांच्या बिळांकडे. आजोबांचे मात्र बांधाच्या खालच्या अंगाकडे. तेथे ओल दिसली, तरी ते थांबत नाहीत. मातीचा बांध थोडाफार पाझरायचाच. पाझर नितळ असला, की ते पुढे जातात. धार गढूळ दिसली, की त्यांच्या खांद्यावरची कुदळ खाली येते.

नितळ पाणी एकटेच येते. गढूळ पाणी मातीला सोबत घेऊन येते. चिकणमातीचे कण एकमेकांना धरून राहतात. रेताड मातीच्या कणांना असा धरबंध नसतो. पाणी जेथे बाहेर पडते, तेथला एक कण सुटतो, मग त्याच्या मागचा. अशी ही पोकळी उलट दिशेने, साठलेल्या पाण्याकडे सरकत जाते. वाट जितकी मोकळी, तितका प्रवाहाला जोर अधिक. वरचे गवत मात्र तसेच हिरवेगार! मातीत एखादा नळ किंवा मोरी पुरलेली असली, तर पाण्याचे आयतेच फावते. नळाच्या कुशीतील माती नीट चोपली जात नाही आणि त्याच्या गुळगुळीत पाठीलगत पाणी वाट काढते.

अमेरिकेतील टीटन हे मातीचे धरण तर नव्वद मीटरांहून उंच होते. ५ जून १९७६ रोजी सकाळी त्यातून गढूळ पाणी येताना दिसले. भगदाड बुजविण्यास गेलेली दोन अवजड यंत्रे त्यातच गडप झाली आणि दुपारचे बारा वाजण्यापूर्वी धरण फुटले. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटून झोपेच्या वेळी माणसे व घरे वाहून गेली. धरण गळते, हे गावकऱ्यांनी आधीच सांगितले होते. खेकड्यांनी धरण पोखरले, असेही पुढे बोलले गेले. खेकडा फार तर दार किलकिले करील; गळतीकडे पाहावयाचे काम काही त्याचे नव्हे.

पाझर मुळीच होऊ नये, असा हट्ट जाणते अभियंते धरीत नाहीत. पाणी बाहेर पडते तेथे ते आधी वाळू, मग खडी, मग दगड असे थर रचतात. या गाळणीतून पाणी जाते, कण मागे राहतात.

आजोबांजवळ अशी गाळणी नसते. पण खालचे तोंड लिंपून भागत नाही, हे त्यांना ठाऊक असते. कोंडलेले पाणी शेजारून फुटते. म्हणून ते वरच्या अंगाला जातात, बीळ मुळापर्यंत उकरतात, त्यात चिकणमाती भरतात आणि पायांनी तुडवून घट्ट करतात. नातवाला तेवढ्यात एक खेकडा सापडतो. तो घेऊन घरी पळण्याची त्याला घाई. आजोबा मात्र पुन्हा खाली उतरून धार नितळली की नाही, ते पाहत उभे असतात.