वाढवणच्या किनाऱ्यावर

वाढवणला बोंबील वाळत घालणाऱ्या एका वृद्ध मच्छीमार स्त्रीने आमच्या मोटारीकडे ज्या संशयाने पाहिले, तो संशय आजही मला सलतो. आणि त्यात तिचा काडीचाही दोष नव्हता, हे जाणूनही तो सल कमी होत नाही.

मार्गशीर्षातील एका रविवारी आई, पत्नी आणि मुले यांना घेऊन मी तलासरीस महामार्ग सोडला. १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या प्रेरणेने वारल्यांनी वेठबिगार झुगारण्याची शपथ जेथे घेतली, ते झरी याच तालुक्यातले, हे मुलांना सांगेपर्यंत सरहद्दीवरचे झाई आले. पुढे बोर्डीची सुरूची बने, घोलवडच्या चिकूच्या वाड्या, चिखले आणि नरपड मागे पडत गेले. ओहोटीने समुद्र इतका दूर ओसरला होता, की आईला त्याचे पाणी प्रथम दिसलेच नाही. खाडी ओलांडल्यावर औष्णिक वीजकेंद्राचे उत्तुंग धुराडे बराच काळ दृष्टीआड होत नव्हते.

वरोरपासून भिंतीभिंतींवर ‘एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द’ ही अक्षरे दिसू लागली. किनाऱ्यावर ती बाई एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून जोडीजोडीने दोरीवर टांगीत होती. आईने भाव विचारला, तेव्हा हात न थांबविता तिने उलट विचारले, “मोजणीवाले काय तुम्ही?” मी आमचे गाव सांगितले, येण्याचे प्रयोजन सांगितले, परंतु तिची नजर मोटारीवरून हलेना. अखेर आई तिच्याशेजारी वाळूत बसली, घरच्या गोष्टी बोलू लागली, तेव्हा कोठे ती म्हणाली, “दर्या भरून काढल्यावर जाळं कुठं टाकायचं?” आपल्याच गावात आलेल्या पाहुण्याची आधी उलटतपासणी घ्यावी लागावी, अशी पाळी ज्या कारभाराने या माणसांवर आणली, त्याचा मला त्या क्षणी विलक्षण संताप आला.

कारण ही भीती निराधार नव्हती. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण स्थापन झाले, आणि त्याच प्राधिकरणाने १९९८ साली येथील बंदर सर्वथा अग्राह्य ठरविले. पंचवीस वर्षे लोक त्या निकालाच्या भरवशावर जाळी विणीत राहिले. २०२३ साली त्याच प्राधिकरणाने ना हरकत दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी सुमारे शहात्तर हजार कोटींच्या बंदराची पायाभरणीही झाली. निकाल कधीच फिरू नये, असे माझे म्हणणे नाही. परंतु ज्याच्या आधारावर एक अख्खी पिढी आपला संसार उभारते, तो हुकूम बदलताना त्या पिढीची समजूत पटविणे हे राज्यकर्त्यांचे कर्तव्य आहे, आणि समजूत पटविणे म्हणजे केवळ सुनावणीची तारीख लावणे नव्हे.

परतताना, अभियांत्रिकीची पदविका घेत असलेला माझा मुलगा शांतपणे म्हणाला, “बाबा, माझ्यासारख्यांना काम अशाच ठिकाणी मिळणार ना?” मला त्याचे खंडन करता आले नाही, कारण बंदराच्या मंजुरीची वार्ता प्रथम वाचली, तेव्हा मलाही आनंदच झाला होता. तो आनंद खोटा होता, असे आजही मी म्हणणार नाही. तरीही मोबदल्याच्या रकमा ठरविणाऱ्या कचेऱ्यांना एक विचारले पाहिजे. जमिनीच्या मालकाजवळ दाखवायला सातबारा असतो. ज्यांची शेती पाण्यात आहे, ओहोटीत उघड्या पडणाऱ्या खडकांवर ज्या बायका कालवे वेचतात, त्यांच्या हक्काची नोंद कोणत्या दप्तरात होणार, हे पहिला दगड समुद्रात पडण्यापूर्वी त्यांनी लेखी सांगावे.