झाडू उडत नाही तेव्हा...

तेरा वर्षांची मुलगी. काळा फ्रॉक, डोक्याला लाल रिबन, सोबत बोलणारं काळं मांजर आणि बुडाखाली झाडू. चेटकिणींच्या घरातली रीतच अशी, की तेरावं लागलं की लेकीनं घर सोडायचं आणि अनोळखी शहरात एक वर्ष स्वत:च्या बळावर काढायचं. हायाओ मियाझाकीचा 1989 चा ‘किकीज डिलिव्हरी सर्व्हिस’ इथून सुरू होतो. कॉलेजात पाहिला तेव्हा मी ‘सो क्यूट’ म्हणून सोडून दिला होता. गेल्या महिन्यात पुन्हा लावला आणि अर्ध्यातच रडू फुटलं.

कारण सांगते. नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केल्याला दोन वर्षं झाली. मास कॉमला असताना लिहिणं ही माझी मज्जा होती. आता शब्दांचे पैसे मिळतात, तर शब्दच येईनासे झाले. सहा आठवडे नुसता लॅपटॉप उघडायचा, कर्सरची उघडझाप बघायची आणि बंद करायचा. साताऱ्याहून आईचा फोन आला की ठरलेलं उत्तर, ‘मस्त चाललंय गं!’

किकीचंही हेच होतं. उडणं एवढंच तिला येतं, म्हणून त्याचाच ती धंदा करते. बेकरीवाल्यांकडे राहून घरोघर पार्सलं पोचवते. एक आजी हेरिंग मासा आणि भोपळा घालून काहीतरी प्रेमानं भाजते, किकी ते भर पावसात नातीकडे नेते. नात नाक मुरडते, मला हे आवडतच नाही! किकी तापानं फणफणते. आणि मग एके दिवशी मांजराचं बोलणं कळेना, झाडू उडेना. कुणी दुष्ट जादूगार नाही, शाप नाही. नुसता थकवा आणि स्वत:वरचा उडालेला विश्वास. ओळखीचं वाटतंय ना?

घरून निघताना किकीनं स्वत: नवा झाडू बनवलेला असतो. आई मात्र आग्रहानं आपला जुना देते. नेमका तोच मोडतो. मला सिनेमाची किल्ली इथे सापडली. घरून मिळालेली जादू एक दिवस संपतेच. जंगलात राहणारी चित्रकार उर्सुला किकीला सांगते, की तिचीही चित्रं अशीच अडली होती, कारण ती कुठेतरी पाहिलेलंच रंगवत होती. अशा वेळी हात थांबवायचा, भटकायचं, दुपारी ताणून द्यायची.

शेवटी मित्राचा जीव वाचवायला किकी रस्ता झाडणाऱ्या काकांचा ब्रश मागून घेते. तो हेलकावे खातो, भिंतींवर आपटतो, पण उडतो. मांजर मात्र मूळ जपानी सिनेमात पुन्हा बोलत नाही. 1998 च्या इंग्रजी डबिंगमध्ये त्याच्या तोंडी वाक्य घातलंय. मला जपानीच पटतं. मोठं होताना सगळं थोडंच परत मिळतं?

सिनेमा संपताना किकी घरी पत्र लिहिते. काम छान चाललंय, पण कधी कधी उदास वाटतं, हेही सांगते. ते ऐकून मी फोन उचलला. ‘आई, दीड महिना झाला, मला काही लिहायलाच जमत नाहीये.’

पलीकडे क्षणभर शांतता. मग, ‘मग ये की चार दिवस. खा, झोप. लॅपटॉप नको आणूस.’

गेले. आणला नाही. परतल्यावर पाचव्या दिवशी हे लिहिलंय. थोडं हेलकावे खात, पण माझ्याच ब्रशवर!