कोची बंदरातील एक दिवस

आमच्या वडिलांनी गोदीत जन्मभर हमाली केली. जहाजाने प्रवास मात्र त्यांना कधी घडला नाही. मुंबईहून क्रूझने आम्ही कुटुंबासह कोचीला उतरलो. तेथील विलिंग्डन बेट बहुतांशी समुद्राचा गाळ उपसून, भराव घालून झालेले. इंग्रज अभियंता ब्रिस्टो यांचे नाव राहिले, गाळ उपसणाऱ्यांचे नाही. फोर्ट कोचीत १५२४ साली वारलेल्या वास्को-द-गामाची मूळ कबर पाहिली, मट्टनचेरीत १५६८ सालचे ज्यू प्रार्थनामंदिर पाहिले. मुले मात्र रमली ती किनाऱ्यावरच्या चिनी जाळ्यांपाशी. चार-पाच कोळी दोर ओढून, टांगलेल्या दगडांच्या वजनाचा आधार घेत जाळे वर काढीत होते. “आजोबापण एवढे कष्ट करायचे?” धाकटीने विचारले. वाचकहो, मुलांना प्रेक्षणीय स्थळे जरूर दाखवा. त्यामागचे राबणारे हातही दाखवा.