जड वस्त्रे आणि त्यांचा आधार

लग्नसराई आटोपली की घरातील स्त्रियांच्या मागे एक काम लागते. लग्नात नेसलेले शालू, पैठण्या, मुलांच्या शेरवान्या, कोट आणि अलीकडचे खडे-मण्यांनी भरलेले घागरे पुन्हा कपाटात जायचे असतात. वस्त्र घेताना दहा दुकाने पालथी घालणारे, काठाची जर उजेडात धरून पारखणारे कुटुंब ते ठेवण्याच्या वेळी मात्र हाताला लागेल तो हँगर उचलते. कापडाच्या धंद्यात पिढ्या घालविलेल्या घरांतही हेच घडते, याचे नवल वाटते.

बीडहून परळीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील वडवणी हे तालुक्याचे गाव. तेथील बाजारपेठेत कापडाचे दुकान चालविणाऱ्या एका कुटुंबाची ही हकिकत आहे. दुकानाची गादी आता मुलगा सांभाळतो; सत्तरी ओलांडलेले वडील सकाळी दोन तास येऊन बसतात, जुन्या गिऱ्हाइकांशी बोलतात आणि वहीवर नजर टाकतात. घरातील मोठ्या बाई तीन वर्षांपूर्वी वारल्या. त्यांच्या मागे दागिने होते, त्यांची वाटणी रीतसर झाली. पैठणी मात्र एकच होती. पन्नास वर्षांपूर्वी लग्नात मिळालेली, येवल्याच्या मागावर विणलेली, नारळी काठाची आणि पदरावर मोर असलेली. ती सुनेकडे आली.

बाई हयात असेपर्यंत ती पैठणी पत्र्याच्या पेटीत, धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळून असे. दिवाळीच्या आधी आणि पाऊस सरल्यावर त्या ती बाहेर काढीत, सावलीत वारा देत आणि घडी मोडून दुसऱ्या रेघेवर नवी घडी घालीत. हे का करायचे, ते त्यांनी कधी सांगितले नाही. कुणी विचारलेही नाही. त्या गेल्यावर सुनेला वाटले, आईंची एवढी मोलाची वस्तू पेटीच्या तळाशी का असावी? तिने ती बीडहून धुऊन आणवली आणि लोखंडी कपाटात, दार उघडताच समोर दिसेल अशी टांगली. लाँड्रीकडून आली त्याच तारेच्या हँगरवर आणि त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत. हेतू आदराचा होता. पुढे तीन वर्षे पैठणी रोज दिसत राहिली आणि म्हणूनच ती बाहेर काढून पाहण्याची आठवण कुणाला झाली नाही.

नातीचा साखरपुडा ठरला, तेव्हा तिने आजीची पैठणी नेसण्याची इच्छा धरली. पिशवी काढली तर जेथून वस्त्र तारेवर दुमडले होते तेथे आडवी तपकिरी रेघ उमटलेली. पावसाळ्याची ओल प्लॅस्टिकमध्ये कोंडली गेली होती आणि तारेला गंज चढला होता. त्या रेघेवर काठाची जर तुटून तिचे बारीक टोक वर आले होते. सून बराच वेळ तेथेच बसून राहिली. सासऱ्यांना कसे सांगावे हा तिचा पहिला प्रश्न होता; साखरपुड्यात काय नेसायचे, हा नंतरचा.

तिने दोन दिवस काही सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी जेवणे झाल्यावर पैठणी त्यांच्यासमोर पसरली आणि म्हणाली, “बाबा, माझ्या हातून नुकसान झालंय.” त्यांनी चष्मा लावून ती रेघ पाहिली. काठावरून बोट फिरविले. मग त्यांनी विचारले, “हँगर कुठे आहे तो?”

येथे थोडे थांबून जर म्हणजे काय ते पाहिले पाहिजे, कारण नुकसानीचे कारण तेथे आहे. जर म्हणजे केवळ सोनेरी धागा नव्हे. रेशमाच्या किंवा सुताच्या गाभ्याभोवती धातूची अतिशय पातळ, चपटी तार गुंडाळून ती तयार होते. रेशीम वाकते आणि सरळ होते. धातूचे तसे नाही. एकाच जागी दीर्घकाळ ताण आणि बाक राहिला की तो तेथे तुटतो. साडीचे वजन फार नसते, किलोच्या आतबाहेर. परंतु ते सारे वजन दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या तारेवर पडले, तर वस्त्राला ती तार सुरीच्या पाठीसारखी लागते. तेच वजन मनगटाएवढ्या गोल दांडीवर पडले तर बाक सौम्य राहतो. पैठणीची आणखी एक अडचण अशी की पदर जड आणि अंग हलके; टांगलेली साडी एका बाजूला ओढली जाते आणि घसरते. घसरू नये म्हणून ती आवळून बसविली की ताण वाढतो.

हँगर मजबूत हवा, असे सर्वच म्हणतात. मजबूत म्हणजे न मोडणारा, एवढाच त्याचा अर्थ घेतला जातो. ती तार मोडली नव्हती, वाकलीही नव्हती. मोडले ते वस्त्र.

तारेच्या हँगरची जन्मकथाही बोलकी आहे. अमेरिकेत १८६९ साली ओ. ए. नॉर्थ नावाच्या गृहस्थांनी कपडे अडकविण्याचा आकडा काढला. पुढे १९०३ मध्ये मिशिगन राज्यातील जॅक्सन गावी, तारेच्या वस्तू करणाऱ्या एका कारखान्यात कामगारांना कोट अडकवायला खुंट्या कमी पडत. तेव्हा पार्कहाउस नावाच्या एका कामगाराने तार वाकवून खांद्याचा आकार केला, असे सांगतात. गोष्ट खरी धरली तर ही वस्तू कामाच्या पाळीपुरता कोट टांगण्यासाठी निघाली होती. लाँड्रीवाला ती देतो तीही दुकानापासून घरापर्यंतच्या प्रवासासाठी. तीन वर्षांचा मुक्काम तिच्यावर आपण लादतो.

वृद्ध व्यापाऱ्याने पुढे जे केले ते त्यांच्या स्वभावाला धरूनच होते. त्यांनी घरातील सर्व जड कपडे दुकानात मागविले आणि शेजारच्या किराणा दुकानातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर एकेक ठेवले. मुलाचा लग्नातला कोट दीड किलोच्या वर भरला. शेरवानी तीन किलोला थोडी कमी. नातीसाठी घेतलेला घागरा, ओढणीसह, सात किलोला टेकला, तो पाहून किराणावाल्याने “हे नेसून पोरीनं चालायचं कसं?” असे विचारले. नंतर त्यांनी घरातील आणि दुकानातील नाना तऱ्हेचे हँगर जमा केले. प्रत्येकाच्या दोन्ही खांद्यांवर कापडी पिशवीत वजने घालून ते दुकानाच्या मागच्या खोलीत रात्रभर टांगून ठेवले.

सकाळी लाँड्रीच्या तारेचे दोन्ही हात खाली उतरले होते. पोकळ प्लॅस्टिकचा हँगर मानेजवळ पांढरा पडला होता, म्हणजे तडा जाण्याच्या बेतात होता. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत असे प्लॅस्टिक दोन-तीन वर्षांत ठिसूळ होते, हे त्यांना दुकानाच्या अनुभवाने ठाऊक होते. लाकडी हँगर दोन होते. एक तग धरून होता. दुसऱ्याचा आकडा लाकडातून अर्धा बाहेर आला होता. दोन्ही दिसायला सारखे. फरक असा की पहिल्याचा आकडा लाकडातून आरपार जाऊन खाली चकतीने अडविला होता. दुसऱ्याचा नुसता ठोकून बसविलेला. लाकडी म्हणजे मजबूत, ही समजूत तेथे गळून पडली. हँगर घेताना प्रथम उलटा करून आकड्याचे बूड पाहावे, हे त्यांनी मुलाला दाखविले. आकडा हाताने फिरतो का, फिरताना सैल लागतो का, तेही पाहावे.

कोट आणि शेरवानीसाठी बळापेक्षा आकार अधिक मोलाचा. माणसाचा खांदा टोकाशी रुंद आणि किंचित पुढे झुकलेला असतो. हँगरही तसाच हवा. टोकाशी दीड-दोन इंच जाडी असेल तर खांद्याचे अस्तर बसत नाही. लांबी मापाची असावी: पुरुषांच्या कोटाला साधारण १७ ते १८ इंच, स्त्रियांच्या जाकिटाला १५ ते १६. हँगरचे टोक बाहीच्या शिवणीच्या अर्धा इंच अलीकडे संपले पाहिजे. ते पलीकडे गेले की बाहीत गाठ उठते. फार अलीकडे राहिले की खांदा ढासळतो. बाजारात एकच माप सर्वांना विकले जाते, आणि विकणारे तरी काय करणार, विचारणारा गिऱ्हाईक नसतो.

येथे एक अडचण निघाली जी कुणाच्या ध्यानी नव्हती. घरातील लोखंडी कपाट बाहेरून मोजले तर जेमतेम १९ इंच खोल. आतली खोली त्याहून कमी. रुंद हँगरवर बाह्यांसह कोट २० ते २२ इंच जागा घेतो. म्हणजे दार लावताना तो दर वेळी चेपला जाणार. सुतार नवे कपाट दोन फूट खोल का करतो, याचा उलगडा त्या दिवशी झाला. शेवटी कोट आणि शेरवानी आतल्या खोलीतील नव्या कपाटात गेली. तेथील दांडीही चार फूट लांब आणि मध्ये आधार नसलेली; जड कपडे मधोमध टांगले की ती वाकते. सुताराला बोलावून मध्ये एक टेकू बसवून घेतला आणि जड वस्त्रे टेकूच्या आणि भिंतीच्या जवळ, हलकी मधल्या जागेत, अशी रचना ठरली.

घागऱ्याचा निर्णय सर्वांत सोपा होता आणि तोच नातीला पटेना. सात किलोचे वस्त्र टांगायचेच नाही. मण्यांच्या वजनाने कापड लांबते, घेर खालीवर होतो. कोणताही हँगर त्यावर उपाय नाही. जगातील मोठी वस्तुसंग्रहालयेही मण्यांनी जडवलेली वस्त्रे आडवीच ठेवतात. घागरा आतून मऊ सुती कापडाच्या गुंडाळ्या घालून, घड्या तीव्र न होऊ देता, सपाट खोक्यात गेला. विणलेले स्वेटरही त्याच न्यायाने टांगायचे नाहीत. स्त्रियांच्या जड पोशाखांना आत कमरेशी फितीचे फासे शिवलेले असतात; कित्येक जणी ते निरुपयोगी समजून कापून टाकतात. ते फासे खांद्यावरील वजन वाटून घेण्यासाठीच असतात.

डांबराच्या गोळ्यांचा विषयही निघाला. त्या जरीला लागल्या तर जर काळवंडते. शिवाय जीव मारण्यासाठीच त्या ठेवायच्या, हे त्या घराला कधी मानवले नव्हते. बाईंनी वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून पेटीच्या कोपऱ्यात ठेवले होते, ते सुनेला तेथेच सापडले. मुख्य म्हणजे त्या डागाचे वस्त्र कधी पेटीत जाऊ देत नसत. कीड घामाच्या आणि अन्नाच्या डागांवर येते. वस्त्र स्वच्छ असले की तिच्या येण्याचा संभव कमी होतो आणि मग मारण्याचा प्रश्नही सहसा येत नाही.

नवे आठ लाकडी हँगर बीडहून आणले. मुलाने किंमत ऐकून भुवया उंचावल्या, तेव्हा वडिलांनी हिशेबाची भाषा वापरली. वीस हजारांच्या कोटावर दोनशे रुपये म्हणजे शेकडा एक. दुकानाच्या मालाचा विमा उतरविताना तो असा विचार करीत नाही. घसारा प्रत्येक वस्तूला असतो, तो कमी करण्यावर केलेला खर्च हा खर्चात धरायचा की भांडवलात, यावर बापलेकांत थोडा वाद झाला. वडिलांचे लेखांकन काटेकोर नव्हते, परंतु बोलण्यात तथ्य होते.

पैठणी रफूगराकडे गेली. त्याने तुटलेल्या रेघेमागे बारीक जाळीचे अस्तर लावून जर बसविली. गंजाचा डाग फिका झाला, पूर्ण गेला नाही. सुनेने काठ-पदर काढून नव्या रेशमावर लावण्याविषयी विचारले होते. सासऱ्यांनी नको म्हटले. साखरपुड्यात नातीने तीच नेसली. रेघ निऱ्यांत गेली.

आता ती कोणत्याही हँगरवर नाही. पुठ्ठ्याच्या जाड नळीवर मांजरपाट लपेटून, त्यावर पैठणी सैल गुंडाळून ती खालच्या फळीवर आडवी ठेवली आहे. घडीच नाही, त्यामुळे रेघही नाही. दर तीन महिन्यांनी ती उलगडून वारा द्यायची तारीख दुकानातील दिनदर्शिकेवर, देण्याघेण्याच्या नोंदींमध्ये, तांबड्या शाईने लिहिलेली असते. महिन्याचे पान उलटताना सासरे ती मोठ्याने वाचतात आणि मुलगा घरी फोन लावतो.